अठरापैकी सहा काळ्या

गोव्यातला फोंडा तालुका, मे महिना. कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतल्या, पंपाची साडेसात एचपीची मोटर रिवाइंडिंगला, आतल्या तारा नव्याने गुंडाळायला, आली आहे. झाकण निघालं. आत १८ कॉइल, तीन फेजांच्या प्रत्येकी ६. त्यांतल्या ६ कोळशासारख्या काळ्या. बाकीच्या १२ अजून तांबूस, वार्निशची चकाकीही शाबूत.

डेल्टा जोडणीच्या मोटरमध्ये (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) असं एकाच फेजचं वाइंडिंग जळालेलं दिसलं, की बहुतेक वेळा कारण सिंगल फेजिंग. मोटरचा यात काही दोष नाही. तिला तीनऐवजी दोनच फेज मिळत होते.

वाऱ्यात माडाचं चुडत तारांवर पडतं, खांबावरचा एक फ्यूज उडतो. मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो, विजेवर चालणारा स्विच; त्याची कॉइल दोन फेजांवर चालते. त्यांतला एक गेला तर कॉन्टॅक्टर सुटतो, पंप थांबतो, मोटर वाचते. तिसरा गेला तर काहीच सुटत नाही. मोटर घुमत, तापत फिरत राहते. भार तोच असेल तर ११ अँपिअर घेणारी मोटर उरलेल्या दोन तारांतून १९ च्या आसपास ओढते, आणि त्यातले पावणेतेरा एकाच वाइंडिंगमधून जातात. नेहमीच्या दुप्पट.

जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले मग कशाला होता? हा पाहा, चकती ११ वर. मोटरच्या प्लेटवर ११, म्हणून रिलेही ११ वर. ही चूक आम्हाला वारंवार दिसते. या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) रिले वाइंडिंगच्या वाटेवर बसवलेला आहे. तिथून ११ चे ५८ टक्के, म्हणजे ६.४ अँपिअरच जातात. ११ वर लावलेल्या रिलेला पावणेतेरा अँपिअर म्हणजे किरकोळ वाढ, तो हलतही नाही. ६.४ वर असता तर काही मिनिटांत ट्रिप झाला असता.

(निवेदन थांबते. छिन्नीचा आवाज.)

कॉइलची एका बाजूची डोकी कापली. आता एका कॉइलचे वेढे मोजायचे, एकेक करून. तारेवरचं इनॅमल जाळून, पुसून जाडी मायक्रोमीटरने घ्यायची. इनॅमलसकट मोजली तर गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, चुकतं. जुनं वाइंडिंग सैल करायला थेट ज्योत मारणं सोपं वाटतं, पण कोअर, म्हणजे पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा, साडेतीनशे अंशांच्या वर तापला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन खराब होतं. मग नवी कॉइल घालूनही मोटर गरम राहते. हा कारागीर ज्योत लावत नाही, त्याला वेळ लागतो.

३६ खाचा साफ. प्रत्येकीत कागद, त्यावर फर्म्यावर गुंडाळलेली कॉइल, वर बांबूची पट्टी. त्याचा अंगठा पाहा: तार दाबून बसवतो, कडेला घासू देत नाही. इनॅमलवर ओरखडा गेला, तर शॉर्ट तिथूनच होतो.

वार्निश, भट्टी, आणि मग इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर: फेज ते फेज, फेज ते बॉडी.

तोवर पोफळींना पाणी नाही.

मोटर पुन्हा बागेत. स्टार्टरमध्ये नवा फेज फेल्युअर रिले बसला आहे. कुठलाही फेज जाऊ दे, कॉन्टॅक्टर सुटेल. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर तिन्ही तारांवर फिरतो, तिन्ही आकडे जवळपास सारखे. आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जुन्या रिलेच्या चकतीवर: ११ वरून खाली, ६.४.