डोळ्याला लावायचा की हातभर लांब धरायचा?

[दृश्य : भिगवण, पहाट, धुक्यात होडी]

सकाळचे साडेसहा वाजलेत, उजनीच्या बॅकवॉटरवर अजून धुकं आहे आणि या होडीत चार जण बसलोय. नाववाले दादा, मी, माझी मावसबहीण आणि सामानाची एक पिशवी जिला तिने माणसासारखी जागा दिलीय कारण त्यात तिची लेन्स आहे.

माझ्या हातात कॅननचा आर ५०, तिच्या हातात सोनीचा झेडव्ही-ई १०. दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले आणि लेन्स बदलता येणारे, दोन्ही पहिला कॅमेरा म्हणून घेतलेले, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, वाढदिवसाला आमच्यात एकच भांडण, कुणाचा चांगला. ती साताऱ्यात घरून केक करते आणि त्याचे रील टाकते, मी शनिवार-रविवार पक्ष्यांच्या मागे. तर यावेळी ठरवलं की तीन ठिकाणी जायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा वेळ आपला कॅमेरा आणि अर्धा वेळ दुसऱ्याचा वापरायचा, आणि तोंड बंद ठेवायचं. शेवटचं काही जमलं नाही.

आधी कागदावरचं पटकन उरकू. झेडव्ही-ई १० आला जुलै २०२१ मध्ये, आर ५० फेब्रुवारी २०२३ मध्ये. दोन्हीकडे एपीएस-सी, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर, दोन्ही २४.२ मेगापिक्सेल, म्हणजे मेगापिक्सेलवरून भांडायला वावच नाही. बॅटरी आणि कार्ड धरून सोनी ३४३ ग्रॅम, कॅनन ३७५ ग्रॅम, फरक किती तर बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढा. बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, स्टॅबिलायझेशन दोघांतही नाही, हात हलला तर सांभाळायचं काम लेन्सचं. सोनीने २०२४ ला झेडव्ही-ई १० ची दुसरी आवृत्ती आणली, २६ मेगापिक्सेल आणि मोठी बॅटरी, पण बहिणीकडे पहिलाच आहे आणि सेकंडहँड बाजारात आता तोच जास्त दिसतो, म्हणून आपण त्याच्याबद्दलच बोलू.

आता जो खरा फरक आहे तो बघायला स्पेसिफिकेशनची गरज नाही, कॅमेरा पाठीमागून बघा. कॅननला डोळा लावायला जागा आहे. सोनीला नाही. बास.

[दृश्य : सूर्य वर आलेला, पाण्यावर चमक]

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, मोबाईलवर कुठे व्ह्यूफाइंडर असतो. बरोबर आहे. मलाही घरी बसून तसंच वाटायचं. पण साडेआठला ऊन वर आलं, पाणी आरशासारखं झालं, आणि मी सोनी हातात घेऊन लांबचं जवळ आणणारी ७०-३५० मिलिमीटरची लेन्स लावून एका कवड्या खंड्यावर नेम धरला. हा पक्षी काय करतो, पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली मासा बघतो आणि दगडासारखा सरळ खाली पडतो, तुमच्याकडे मोजून दोन-तीन सेकंद असतात. स्क्रीनवर मला दिसत काय होतं तर माझाच चेहरा आणि डोक्यावरची टोपी. ब्राइटनेस वाढवला, हाताने सावली केली, तर लेन्सला आधार द्यायला हात उरेना. सव्वासहाशे ग्रॅमची लेन्स दोन्ही हात लांब करून धरा आणि होडी हलतेय, करून बघा कधीतरी. मासा खंड्याला मिळाला, मला काही नाही, आणि त्यात चूक माझीच, कारण स्क्रीनचा ब्राइटनेस उन्हासाठी सेट करून ठेवायचा असतो हे मला आदल्या दिवशी बहिणीने सांगितलेलं.

कॅनन डोळ्याला लावला की तीन आधार होतात, दोन हात आणि कपाळ. ऊन कितीही असो, आत अंधार, चित्र स्वच्छ. छोटासाच आहे व्ह्यूफाइंडर, २३.६ लाख डॉट्सचा, भारी कॅमेऱ्यांपुढे अगदी खिडकीच, पण खिडकी आहे हे महत्त्वाचं. दुसरं म्हणजे आर ५० पक्षी ओळखतो. मेनूत माणूस, प्राणी, वाहन असं निवडता येतं आणि प्राण्यांमध्ये पक्षी येतात, तर नदी सुरय उडत असला तरी चौकट त्याच्या डोळ्याला जाऊन चिकटते, आपण फक्त कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायचा. सोनीचा फोकस माणसाच्या डोळ्यावर आजही जबरदस्त आहे, कुत्र्या-मांजरालाही पकडतो, पण पक्षी म्हणून वेगळं त्याला कळत नाही, तिथे आपण बोटाने सांगायचं की बाबा हे बघ इथे.

पण थांबा, कॅननवाल्यांनो एवढ्यात टाळ्या नको. सेकंदाला १२ फोटो काढतो हे खरं, इलेक्ट्रॉनिक शटरवर १५, पण रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या मोठ्या फाइलमध्ये काढलात तर बफर, कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, पटकन भरतो आणि मग कॅमेरा जांभई देतो, नेमका तेव्हाच पक्षी पंख पसरतो. मी पक्ष्यांसाठी जेपेग नाहीतर सी-रॉ, म्हणजे दाबून लहान केलेली रॉ, ठेवतो. आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगाने फडफडणारे पंख कधीकधी रबरासारखे वाकलेले येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि शेवटची ओळ वाचेपर्यंत पंख पुढे गेलेला असतो. म्हणून १२ वरच थांबावं.

आणि लेन्स. माझ्याकडे आरएफ १००-४००, बहिणीने आणलेली ७०-३५०. माझी लांब जाते, क्रॉप धरून, म्हणजे लहान सेन्सरमुळे चित्र जवळ आल्यासारखं दिसतं ते धरून, ६४० मिलिमीटरसारखी, तिची ५२५. पण माझी त्या टोकाला एफ ८ आहे, तिची एफ ६.३, आणि एफचा आकडा मोठा तेवढा आत येणारा उजेड कमी. पहाटेच्या धुक्यात ह्याचा अर्थ काय होतो ते आम्ही बाजूबाजूला बसून बघितलं. एकच रोहित पक्ष्यांचा थवा, एकच शटर स्पीड, माझा आयएसओ, म्हणजे उजेड कमी असताना चित्र उजळवणारा आकडा, तिच्यापेक्षा दीडपटीहून जास्त चढवावा लागला आणि गुलाबी रंगात दाणे दिसायला लागले. म्हणजे साडेसहा वाजता ती पुढे होती आणि साडेआठला मी. याला काय निकाल म्हणायचं?

(नाववाले दादांनी मधेच विचारलं, एवढ्या पैशात दुर्बीण नसती का आली? आम्ही दोघंही गप्प.)

[दृश्य : मांडव, हळद, आवाज]

दुसरं ठिकाण, वाईजवळ मामेभावाची हळद. मांडव पिवळा, पडदे पिवळे, नवरदेव पिवळा, आणि वरून एलईडीच्या माळा ज्या दर दोन सेकंदाला रंग बदलतात. फोटोग्राफरची परीक्षा घ्यायची असेल तर महाराष्ट्रातल्या हळदीला बोलवा, युरोपात पाठवायची गरज नाही.

इथे बहिणीचं राज्य. सोनीच्या ई माउंटला, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या जोडणीला, २०१० पासूनचा इतिहास आहे आणि त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन सगळ्यांच्या लेन्स वर्षानुवर्षं त्याच्यासाठी बनतायत. तिच्याकडे सिग्माची ५६ एफ १.४ आहे, तीही सेकंडहँड घेतलेली, आणि हळद लावणाऱ्या आत्याच्या चेहऱ्यावर ती लावली की मागचा मांडव, खुर्च्या, कूलर, जेवणाच्या पंगतीचा गोंधळ सगळं लोण्यासारखं वितळून जातं. माझ्याकडे आरएफ ५० एफ १.८. १६० ग्रॅमची, खिशात मावते, वाईट अजिबात नाही, फक्त अंधारात बहिणीचा आयएसओ १६०० वर असताना माझा अडीच हजाराच्या वर. कॅननच्या आरएफ माउंटला एपीएस-सीसाठी सिग्माच्या लेन्स यायला २०२४ उजाडलं, आता १८-५० एफ २.८ मिळते, एफ १.४ वाल्याही मिळतात, तर आज नवीन घेणाऱ्याला ही अडचण पूर्वीएवढी नाही. पण सेकंडहँडमध्ये फिरलात तर सोनीवाल्या पाच दिसतील तेव्हा आरएफवाली एखादी.

रंगाचं सांगतो. कॅनन जेपेगमध्ये माणसाची कातडी छान दाखवतो असं लोक म्हणतात आणि मला पण तसंच वाटतं, पण हळदीत कॅनन काय नि सोनी काय, ऑटो व्हाइट बॅलन्स, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा स्वतः रंग जुळवतो तो, दोघांचाही गोंधळतो, त्याला वाटतं पिवळा जास्त झाला आणि तो सगळ्यांना निळसर करून टाकतो, नवरदेव आजारी दिसायला लागतो. पांढऱ्या टॉवेलवर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. टॉवेल हळदीच्या आधी घ्या, नंतर पांढरा राहत नाही.

एक गोष्ट मात्र कॅनन घेणाऱ्यांना दुकानात कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतोच. आर ५० च्या डोक्यावर फ्लॅश लावायची जी जागा आहे ना, ती नव्या पद्धतीची आहे, नेहमीच्या फ्लॅशचे पिना जिथे टेकतात ते कॉन्टॅक्टच तिथे नाहीत. म्हणजे काकांचा जुना फ्लॅश किंवा लांबचा फ्लॅश पेटवायला भाड्याने आणलेला ट्रिगर सरकवलात तर बसेल पण पेटणार नाही, त्याला एडी-ई १ नावाचा वेगळा अडॅप्टर लागतो. मांडवात उभं राहून हे कळणं म्हणजे काय असतं ते मी भोगलंय. बॉडीत छोटा फ्लॅश आहे, समोरच्या दोन माणसांपुरता, ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेपर्यंत जाईपर्यंत त्याचा दम जातो. सोनीत आतला फ्लॅशच नाही, पण बाहेरचा साधा फ्लॅश लावला की काम सुरू, १/१६० च्या आत शटर ठेवायचा एवढंच.

व्हिडिओचं पण इथेच उरकतो. इंटरनेटवर सगळीकडे वाचाल की सोनीचा फोर के कापला जातो. अर्धं खरं. सेकंदाला ३० फ्रेमवर १.२३ पट क्रॉप होतो, म्हणजे चारही कडा कापल्या जातात. पण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे लुकलुकू नयेत म्हणून आपण कॅमेरा मेनूतल्या पालवर (PAL, ५० हर्ट्झवाल्या देशांची पद्धत) टाकून २५ फ्रेम आणि १/५० शटरच वापरायला हवा, आणि २५ वर सोनी पूर्ण रुंदी वापरतो. म्हणजे बाहेरच्या लोकांची तक्रार आपण उगाच अंगावर घेतोय. कॅनन ३० लाही पूर्ण रुंदी देतो. चालता चालता शूट करत असाल तर मात्र सोनीचं चित्र जेलीसारखं हलतं, सेन्सर जुना आहे, वाचायला वेळ घेतो, वरातीत नाचत शूट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आवाजासाठी सोनी पुढे. वरती तीन कॅप्सूलचा माइक, त्याच्यासोबत केसाळ टोपी मिळते वाऱ्यासाठी, आणि हेडफोन लावून ऐकायला जॅक. आर ५० ला माइकचा जॅक आहे, हेडफोनचा नाही, मंगलाष्टकं नीट रेकॉर्ड झाली का ते घरी गेल्यावर कळणार.

[दृश्य : स्वयंपाकघर, केक, खिडकीचा उजेड]

केकचं आणि जेवणाच्या फोटोंचं तीन वाक्यात. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्क्रीन बाजूला उघडलेली, डोळा लावायचा प्रश्नच नाही, इथे व्ह्यूफाइंडर असून नसल्यासारखा. सोनीत प्रॉडक्ट शोकेस म्हणून सेटिंग आहे, क्रीमची पिशवी पुढे केली की फोकस चेहऱ्यावरून पिशवीवर जातो, बहीण त्यावरच जगते. कॅननचा मेनू पूर्ण टचवर चालतो, सोनीचा जुना मेनू चालत नाही, बटणं दाबत बसावं लागतं, आणि हाताला मैदा असताना दोन्ही तेवढेच वैताग.

[दृश्य : पावसाळी डोंगर, ढग]

आणि तिसरं ठिकाण हरिश्चंद्रगड असणार होतं, पण पावसाने कोकणकडा दाखवलाच नाही, तीन तास आम्ही पांढऱ्या ढगाकडे बघत बसलो. त्यामुळे निसर्गचित्रांचं फार काही सांगता येत नाही. एवढं दिसलं की सोबत मिळणाऱ्या लेन्समध्ये सोनीची १६ पासून सुरू होते, कॅननची १८ पासून, आणि क्रॉप धरला तर २४ विरुद्ध २९. कड्यावर उभं असताना मागे सरकायला जागा नसते तेव्हा हे पाच मिलिमीटर कळतात. पावसापासून संरक्षण दोघांनाही नाही, प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड आणि घरी आल्यावर सिलिका जेल घातलेला डबा, यात ब्रँड नसतो.

मग घ्यायचा कुठला? मला विचाराल तर मी किमतीच्या आधी एक गोष्ट करायला सांगेन. दुकानात जा, दोन्ही हातात घ्या आणि दुकानाबाहेर उन्हात या. येऊ देत नसतील तर दारापर्यंत तरी या. पक्षी, क्रिकेट, वारी, उन्हातलं काहीही पळणारं, उडणारं तुमच्या डोक्यात असेल तर डोळ्याला लागणारा कॅमेरा घ्या, म्हणजे या दोघांत आर ५०. स्वतःला शूट करायचं असेल, घरात, टेबलावर, मांडवात, आणि पुढे लेन्स गोळा करायच्या असतील त्याही कमी पैशात, तर सोनी. आणि सणाच्या ऑफरमध्ये दोन लेन्सचं किट दिसलं तर लगेच उडी मारू नका, त्यातली लांब लेन्स बहुतेकांच्या कपाटातच राहते, तेच पैसे जास्त उजेड आत घेणाऱ्या एका लेन्ससाठी ठेवा. हे माझं मत, बहिणीला ते मान्य नाही, तिच्या मते लोकांनी आधी खिडकीतला उजेड वापरायला शिकावं.

[दृश्य : परत भिगवण, होडी किनाऱ्याला]

त्या दिवशी होडी काठाला लागल्यावर नाववाले दादा म्हणाले, दाखवा की काय काय आलं ते. बहिणीने सोनी पुढे केला. ऊन डोक्यावर, त्यांना काही दिसेना. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कॅमेऱ्यावर आणि स्वतःच्या डोक्यावर टाकलं आणि आत बसून सगळे फोटो सावकाश बघितले, जुन्या काळी पेटी कॅमेरावाले काळ्या कापडात शिरायचे तसे. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, धुक्यातला तेवढा पाठवा मला."

मी माझा कॅमेरा पुढे केला, म्हटलं दादा यात डोळा लावून बघा, कापड नको.

"राहू द्या साहेब, कापडात बरं दिसतं."

बहीण पुण्यापर्यंत हसत होती. मधल्या वेळात तिने मला एवढंच विचारलं की दादा, पुढच्या हिवाळ्यात यायचं असेल तर दोन दिवस तुझी बॉडी मला देशील का, आणि मी विचारलं की ५६ एफ १.४ देणार असशील तर. ती खिडकीबाहेर बघायला लागली.