गुडघ्यातलं वंगण

“वंगण संपलं जी, गुडघ्यातलं.” मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या रांगेत असो की इतवारीतल्या औषधाच्या दुकानात, नागपुरात हे वाक्य हमखास कानी पडतं. मग माणूस गुडघा वापरणंच कमी करतो, आणि तिथेच बिघडतं.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सांध्यातला द्रव शोषून घेते. तिचं पोषण मुख्यतः असंच होतं. बसून राहिलं की ते घटतं, वर मांडीचा स्नायू वाळतो आणि भार सांध्यावर येतो. कूर्चा अशी झिजत गेली की त्याला झिजेचा संधिवात म्हणतात. २०१९ साली जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांत जवळपास ६० टक्के बायका.

पलंगावर पाय लांब करून बसा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. दाबताना मांडीवर हात ठेवून बघा. स्नायू कडक लागला नाही, तर जोर भलतीकडे जातोय. श्वास रोखू नका. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर दहाचे पाच करा, पण बंद करू नका. फरक पडायला सहा-आठ आठवडे लागतात आणि धीर बहुधा त्याआधीच सुटतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. उंची मनगटाच्या घडीइतकी. वजन एक किलो उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो.

मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो. घामानं अंगातलं पाणी गेलेलं असताना डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. बीपीची औषधं चालू असतील तर धोका जास्त. त्या दिवसांत स्वतःच्या मनानं गोळी नको. चालायचं ते पहाटेच, फुटाळा तलावाच्या काठानं.

सकाळी तासभर सांधे आखडत असतील, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो झिजेचा नव्हे, बहुधा आमवात (रुमॅटॉइड). त्यात थांबू नका, संधिवाततज्ज्ञ गाठा. उशीर झाला की बोटं वाकडी होतात. त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.