एका श्वासातलं मिश्रण

नमस्कार, श्रोतेहो. हवेची मोजणी होते ती एकेका घटकाची. सूक्ष्म कण इतके, नायट्रोजन डायऑक्साइड इतका, ओझोन इतका. मर्यादाही ज्याची त्याची वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, नायट्रोजन डायऑक्साइडची ४० वरून १० वर. आपली फुप्फुसं मात्र असे वेगवेगळे रकाने ठेवत नाहीत. जे येईल ते एकाच श्वासात आत.

मग आजार झाला तर दोष कुणाचा? डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट धुरकं बसलं. त्यात नेहमीपेक्षा सुमारे ४ हजार माणसं जास्त मेली, असा त्या वेळचा अंदाज. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा बराच वर नेला. पण कोळशाची काजळी आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही एकदमच चढले आणि एकदमच उतरले. मृत्यूंचा आलेख कितीही वेळा पाहा, यातला नेमका कुणी घात केला ते त्यातून कळत नाही. एका जोखडाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी कुणी किती ओढलं, हे नांगराच्या तासावरून कसं सांगणार?

संख्याशास्त्रज्ञांचं रोजचं दुखणं हेच. हवा आणि आजार यांचं नातं मांडणाऱ्या समीकरणात नुसते सूक्ष्म कण घेतले की त्यांचा परिणाम ठळक दिसतो. शेजारी नायट्रोजन डायऑक्साइड आणून बसवला की बऱ्याचदा तोच आकडा आक्रसतो आणि त्याच्याभोवतीची अनिश्चितता फुगते. कण काही निरुपद्रवी झालेले नसतात. दोघांची वाटणी करायला माहिती अपुरी पडते, एवढंच.

त्यात मोजमापाची गोम आहे. सूक्ष्म कण शहरभर बऱ्यापैकी सारखे पसरतात. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र वाहत्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरवर पुष्कळ कमी होतो. म्हणजे एखाद्या गच्चीवरचं यंत्र कणांचा अंदाज बरा देतं, वायूचा कच्चा. आणि समीकरणाची खोड अशी, की कच्च्या मोजलेल्याचं पाप ते नीट मोजलेल्याच्या माथी मारतं. शिवाय हे ‘सूक्ष्म कण’ तरी एक कुठे आहेत? काजळी, सल्फेट, नायट्रेट, धातू, धूळ, सगळ्यांना केवळ आकारावरून एका गोणीत भरलेलं.

गेल्या दशकात यावर नव्या पद्धती आल्या. एक पद्धत सगळ्या घटकांना वजनं देऊन त्यांचा एकच निर्देशांक बनवते. तिचं गृहीतक असं, की सगळे घटक एकाच दिशेनं ओढतात. दुसरी, २०१५ साली मांडलेली बेझियन कर्नल मशीन रिग्रेशन, वाकडेतिकडे संबंधही पकडते आणि एकाच्या संगतीनं दुसऱ्याचा जोर वाढतो का, तेही तपासते. तिला खुराक मोठा लागतो, माहितीचा. वजनांचे तक्ते वाचताना मी तरी हात राखूनच वाचतो. जास्त वजन म्हणजे गुन्हा शाबीत, असं नव्हे.

माझ्या मते ‘कोण दोषी’ यापेक्षा ‘सगळे एकदम उतरले तर काय होईल’ हा प्रश्न अधिक कामाचा. रहदारी कमी केली तर काजळी, कण, नायट्रोजनचे वायू एकत्रच घटतात. २०२० पासूनची क्वांटाइल जी-कॉम्प्युटेशन ही पद्धत नेमका हाच हिशेब करते: प्रत्येक घटक एक पायरी खाली आणला तर आजार किती घटतील?

फक्त ओझोन या कवायतीत रांगेत उभा राहत नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. त्यामुळे गजबजलेल्या रस्त्यावर ओझोन कमी सापडतो, आणि त्याचा एकट्याचा हिशेब केला तर जास्त ओझोनच्या ठिकाणी तब्येती चांगल्या, असा उफराटा निष्कर्षही निघू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड घसरला आणि ओझोन वर गेला. म्हणजे ‘सगळे एक पायरी खाली’ हे गणित कागदावर मांडता आलं, तरी रस्त्यावरच्या हवेत ते तसंच्या तसं उतरत नाही.