अळंबी बुडापासून काढा

श्रोतेहो, नमस्कार. झड लागली की इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे वारुळांवर अळंबी उगवते आणि आपल्या नाशिकच्या बंगल्यांसमोरच्या हिरवळीवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या. दिसायला जवळजवळ सारख्याच. पण हिरवळीवरची पुष्कळदा क्लोरोफायलम मोलिब्डायटिस निघते. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू.

फरक कळतो बीजाणूंच्या रंगावरून. दांडा कापा, टोपी तिच्या आतले पातळ पडदे खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी कागदावर बारीक रांगोळी पडलेली दिसते. क्लोरोफायलमची मळकट हिरवी, वारुळावरच्या टर्मिटोमायसिसची गुलाबीसर. हे फक्त अभ्यासापुरतं हं! एवढ्यावर भाजी करायची नाही.

चीनच्या युन्नान प्रांतात पावसाळ्यात डोंगरगावांतली धडधाकट माणसं अचानक दगावत. तीसेक वर्षं हे चाललं, शेकडो जीव गेले. संशय गेला एका लहानशा पांढऱ्या अळंबीवर, आणि शास्त्रात तिला नावच नव्हतं! २०१२ साली तिचं ट्रोजिया वेनेनाटा असं बारसं झालं.

नवी जात ठरवणं सोपं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजतात, डीएनएचा आयटीएस नावाचा भाग ज्ञात जातींशी ताडून पाहतात, वाळवलेला मूळ नमुना संग्रहात कायमचा जपतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा बुरशींचा मोठा संग्रह आहे.

म्हणून रानात फिरणाऱ्यांना कळकळीची विनंती. अनोळखी अळंबी अभ्यासाला घेताना वरून खुडू नका, बुडापासून उकरा. अमानिटा नावाच्या अळंबींच्या गटातल्या पुष्कळ जातींत दांड्याच्या बुडाशी पिशवी असते, ती मातीतच राहिली तर ओळखीची मोठी खूण गेली. ताजेपणी फोटो काढा, शेजारचं झाड टिपून ठेवा. नमुना कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये तो सडतो.

अमानिटांतल्या काहींचं विष शिजवून जात नाही. विषारी अळंबीनं चांदीचं नाणं काळं पडतं, किडे लागलेली चालते, या समजुती साफ खोट्या. या अमानिटांचा त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो, मध्ये बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत असतं. तेव्हा शंका येताच, त्रासाची वाट न बघता, उरलेली अळंबी, अगदी निवडताना टाकलेली देठंसुद्धा, कागदात घेऊन थेट दवाखाना गाठा.