सांधणारे जाळे

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत फाटके जाळे सांधत बसलेला माणूस कोकणात कोणत्याही दुपारी दिसतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्या पॉलिमर जेलचा अभ्यास केला, तेही मुळात जाळेच असते. त्यात लांबलचक रेणूंच्या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि मधल्या घरांत पाणी भरलेले असते.

माशेलकरांचा जन्म १९४३ साली, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, माशेल गावी झाला. वडील लवकर गेल्यावर आईने मुंबईत काबाडकष्ट करून त्यांना वाढवले. गिरगावच्या शाळेत भावे सरांनी भिंगाने ऊन एकवटून कागद जाळून दाखवला होता, ही आठवण ते स्वतः सांगत आले आहेत. माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, त्यांनी १९६६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि १९६९ मध्ये प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात काही वर्षे अध्यापन करून ते १९७६ मध्ये पुण्यास आले, १९८९ मध्ये प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९९५ ते २००६ या काळात सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते.

लोकांना ते आठवतात हळदीमुळे. जखमेवर हळद वापरण्यासाठी अमेरिकेत दिले गेलेले पेटंट सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. गुडघा फुटला की आधी हळदीचा डबा शोधणाऱ्या मुलुखाला हा लढा लक्षात राहणारच. तथापि आमच्या मते, संशोधक माशेलकर भेटतात ते पॉलिमरमध्ये.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाचे ते सहलेखक आहेत. त्यातील जेलचे दोन तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले, की काही सेकंदांत जुळतात. ही किमया साखळ्यांना लोंबणाऱ्या छोट्या फांद्यांची आहे: त्या आखूड असतील तर कापाच्या पलीकडे पोहोचत नाहीत, फार लांब असतील तर आपापसांतच गुरफटतात, आणि बेताच्या असल्या तरच समोरच्या फांदीला हायड्रोजन बंधाने, म्हणजे रेणूंमधल्या एका सौम्य ओढीने, धरतात. अल्कधर्मी द्रावणात ही पकड सुटते, तुकडे वेगळे होतात. पुन्हा आम्लात ठेवले की पुन्हा जुळतात. होडीच्या सावलीतल्या माणसाला मात्र प्रत्येक गाठ हातानेच मारावी लागते.