सूचना दिली, पुढे काय झालं? शहरांच्या वेबसाइट आणि आपला गोवा

नमस्कार मंडळी, फोंड्याहून मी परत तुमच्यासमोर, आणि आज थेट विषयाला हात घालतो कारण सांगायला बरंच आहे. विषय असा की पर्यावरणासाठी शहरं वेबसाइट काढतात, लोक तिथे सूचना देतात, तक्रारी करतात, पण पुढे काय झालं हे त्यांना दिसतं का. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न, क्रिकेटमुळे नाव सगळ्यांना माहीत. तिथल्या पालिकेने २०१३ मध्ये आपल्या जवळजवळ ७० हजार झाडांना एकेक नंबर दिला आणि एकेक ईमेल आयडी दिला. हो, झाडाला ईमेल. हेतू एकदम सरकारी होता, म्हणजे फांदी तुटली, झाड वाळायला लागलं, तर लोकांनी नकाशावर ते झाड शोधून मेल टाकावा, एवढंच. तर लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहायला घेतली! रोज तुझ्या सावलीतून जातो, बरं वाटतं, असली. हजारो पत्रं आली. आणि पालिकेतली माणसंही कमाल, त्यांनी काही पत्रांना झाडाच्या वतीने उत्तरंसुद्धा पाठवली.

आता ही बातमी तेव्हा जगभर गंमत म्हणून फिरली, पण माझं लक्ष त्या नकाशाकडे जातं. त्याच्या आधी मेलबर्नने दहा-बारा वर्षांचा दुष्काळ काढला होता, झाडं थकलेली, बरीचशी एकाच वयाची, म्हणजे मरणार तर एकदमच मरणार. पालिकेने हे लपवलं नाही, नकाशावर प्रत्येक झाडाला रंग दिला, हे अजून बरीच वर्षं टिकेल, हे थोडी, हे आता जाणारच. आणि सांगून टाकलं की सार्वजनिक जागेवरचं झाडांचं छत्र २२ टक्के आहे, ते २०४० पर्यंत ४० टक्के करायचंय. मग एखादं झाड कापायची वेळ आली तर लोकांना धक्का बसत नाही, त्यांना आधीच माहीत असतं. आपल्याकडे २०२५ मध्ये पर्वरीचा खाप्रेश्वराचा वड उड्डाणपुलासाठी हलवला तेव्हा काय वातावरण होतं आठवतंय ना? लोकांचा राग झाडासाठी तर होताच, पण आपल्याला कुणी धड विचारलं नाही, सांगितलं नाही, याचाही तेवढाच होता असं मला वाटतं.

न्यूयॉर्कने २०१५ ला रस्त्यावरच्या झाडांची गणती केली त्यात दोन हजारांहून जास्त साधी माणसं, शेजारपाजारचे लोक, टेप घेऊन बुंधे मोजत फिरले आणि आकडा आला ६,६६,१३४. तीही सगळी झाडं नकाशावर, आणि तुम्ही आज पाणी घातलं, आळं साफ केलं, तर ते तिथे नोंदवता येतं.

पण झाडं म्हणजे सोपा विषय हो, झाडावर कोण प्रेम करत नाही. खरी परीक्षा कुठे होते माहितीय, जिथे शहराने स्वतः काहीतरी कबूल केलेलं असतं आणि ते झालं की नाही हे लोकांना दिसायला हवं असतं. त्यासाठी फिनलंडला जाऊया, हेलसिंकी. या शहराने २०१८ च्या डिसेंबरमध्ये एक योजना पास केली, २०३५ पर्यंत कार्बन न्यूट्रल व्हायचं, म्हणजे हवेत सोडलेला आणि शोषलेला कार्बन यांचा हिशेब शून्यावर आणायचा, त्यात १४७ कामं. आता अशा योजना सगळेच करतात, जाड पीडीएफ, कव्हरवर हिरवं पान, आत मंत्र्यांचा फोटो, झालं. हेलसिंकीने मात्र त्या १४७ कामांची वेबसाइट केली, प्रत्येक कामाला स्वतंत्र पान, त्या पानावर काम वेळेवर चाललंय की उशीर झालाय की सुरूच नाही झालं, आणि, हे नीट ऐका, त्या कामाला जबाबदार माणसाचं नाव. खात्याचं नाव नाही, माणसाचं. कल्पना करा की आपल्या पालिकेच्या साइटवर एखाद्या नाल्याच्या कामाखाली ज्युनियर इंजिनीयरचं नाव आहे आणि शेजारी लिहिलंय "उशीर". दुसऱ्या दिवशी युनियनचा मोर्चा निघेल, हसू नका, निघेल.

आणि मी उगीच कौतुक करणार नाही. वेबसाइटने कार्बन कमी होत नाही. हेलसिंकीत मोठा फरक पडला तो घरं गरम करायला जो कोळसा जाळत होते तो बंद केल्याने, हानासारीचं केंद्र २०२३ ला बंद झालं, सालमिसारीचं २०२५ ला. ते निर्णय नगरपरिषदेत आणि वीज कंपनीत झाले, कुणी बटण दाबून नाही झाले. वेबसाइटचं काम एवढंच की असा निर्णय लांबणीवर पडला तर तो लांबणीवर पडलाय हे कुठल्याही शाळेतल्या पोराला घरबसल्या दिसावं. मला विचाराल तर हे एवढंच फार आहे.

आता आपल्याकडे या. तक्रारीचे ॲप आहेत, पोर्टल आहेत, केंद्राचं स्वच्छता ॲप २०१६ पासून आहे, नाही असं नाही. पण अनुभव काय? माझा सांगतो, कुठल्या ऑफिसचं पोर्टल ते नाही सांगत. कोपऱ्यावरच्या कचऱ्याचा फोटो टाकला, नंबर आला, बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी मेसेज की तुमची तक्रार रिझॉल्व्ड. जाऊन बघतो तर कचरा होता तिथेच, उलट वर दोन नारळाच्या झावळ्या. आपल्या ऑफिसांत पूर्वी "फाल्यां यो", म्हणजे उद्या ये, म्हणायचे, त्यात निदान उद्याची आशा असायची, हे रिझॉल्व्ड म्हणजे विषयच संपला. आणि माणूस एकदा असा फसला की परत त्या साइटवर जात नाही, मग वर्षाच्या शेवटी कुणीतरी साहेब मीटिंगमध्ये म्हणतात की लोकांना इंटरेस्टच नाही.

इंटरेस्ट नाही हे मला अजिबात पटत नाही हं. पणजीचं उदाहरण घ्या. पणजी महानगरपालिकेने रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून दारोदार कचरा घ्यायला सुरुवात केली त्याला किती वर्षं झाली, आणि आज तिथे कचरा १६ प्रकारांत वेगळा होतो. लोक ओला-सुका वेगळा करून देतात, कशामुळे? वेबसाइट बघून? छे. रोज दारात येणारा माणूस मिसळलेला कचरा घेत नाही म्हणून. तो समोर उभा राहून परत देतो, तुम्हाला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. ज्या साइट चालल्या त्या मला याच माणसासारख्या वाटतात, तोंडावर उत्तर देणाऱ्या.

बार्सिलोनाचं बघा ना. २०१६ मध्ये त्यांनी डेसिदिम नावाचं प्लॅटफॉर्म सुरू केलं, शहराच्या पुढच्या चार वर्षांच्या आराखड्यासाठी सूचना मागवल्या, दहा हजारांवर प्रस्ताव आले. एवढे आल्यावर आपण काय केलं असतं, गठ्ठा बांधून कपाटात! तिथे प्रत्येक प्रस्तावाखाली घेतला की नाकारला आणि नाकारला तर का, हे लिहिलं. आता गंमत बघा, नाकारलं गेलं तरी माणूस तेवढा चिडत नाही, कारण निदान कुणीतरी वाचलंय हे कळतं. आणि पैशाचं कारण कुणी सांगू नका, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कोड उघडा आहे, कुठलीही पालिका घेऊ शकते, शहराच्या बजेटमधली कामं लोकांनी सुचवायची म्हणून हेलसिंकीने तेच घेतलं. फुकट नाही ते म्हणजे सूचना वाचायला बसवायची माणसं. तिथेच सगळं अडतं.

बजेटवरून आठवलं, लांब कशाला जायचं, पुण्यात २००६ पासून नागरिकांना पालिकेच्या बजेटमध्ये आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. फुटपाथ, बाकडी, दिवे अशी. छोटी का होईना, सवय तरी लागते.

आता पावसाचं, कारण पाऊस आल्याशिवाय गोव्यातला व्हिडिओ पूर्ण होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळ्या लोक दत्तक घेतात. नकाशावर आपल्या घराजवळची जाळी निवडायची, तिला हवं ते नाव द्यायचं, लोक एकदम चावट नावं देतात, आणि पाऊस यायच्या आधी पानं-कचरा काढायचा. हे ऐकून तुमच्या डोळ्यासमोर पणजीचा १८ जून रस्ता आला असेल, तिथलाच मळा हा भाग आला असेल, जूनच्या पहिल्या दणक्यात गुडघाभर पाणी. करता येईल का इथे? येईल, पण मला एक भीती आहे. आपल्याकडे पावसाआधीची गटारसफाई हे पालिकेचं काम आहे, त्याचं टेंडर निघतं, बिलं निघतात. ती साफ झाली की नाही हे न दाखवताच "नागरिकहो, गटार दत्तक घ्या" म्हणणार असाल तर ते नको. आधी नकाशावर दाखवा, हे गटार अमुक तारखेला साफ केलं, हा फोटो. मग मी स्वतः आमच्या गल्लीतली जाळी घेतो, नावपण ठरवून ठेवलंय, इथे सांगण्यासारखं नाही.

सोलमध्ये अजून वेगळी युक्ती आहे, २००९ पासून इको मायलेज म्हणून. साइटवर घर नोंदवायचं, वीज, पाणी, गॅस आधीपेक्षा कमी वापरलात तर पॉइंट, त्या पॉइंटांचे पैसे. वीस लाखांहून जास्त सभासद. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे छतावरच्या सोलरची पीएम सूर्य घर योजना, २०२४ ची, अर्ज साइटवर, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी. खिशाला फायदा दिसला की लोक फॉर्म भरतात, त्यात वाईट काही नाही. कौलारू घरावर पॅनल कसे बसवायचे हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, त्यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे.

आता जरा कडू. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे एखाद्या प्रकल्पाने निसर्गाचं काय होईल ते आधी तपासायच्या, नियमांचा नवा मसुदा काढला, लॉकडाउनमध्ये, इंग्रजी आणि हिंदीत, आणि सगळ्या देशाला म्हणे ईमेलने सूचना पाठवा. मेल लाखोंनी आले. पण मराठी वाचणाऱ्याने, कोकणी वाचणाऱ्याने काय करायचं? दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या यादीतल्या बाविसही भाषांत भाषांतर करा आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. गोव्यात राजभाषा कायदा १९८७ चा, कोकणी राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामात वापर, पण सरकारी साइट उघडा, बहुतेक सगळं इंग्रजीत. आमच्या शेजारच्या काकी मोबाइलवर रेसिपी बघतात, भजनं लावतात, गॅस बुक करतात, पण झोनिंगची नोटीस, म्हणजे कुठली जमीन शेतीची आणि कुठली घरांची हे ठरवणारी इंग्रजी नोटीस, वाचू शकत नाहीत. त्या निरक्षर नाहीत हो, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

आणि झोनिंगची नोटीस म्हणजे गोव्यात सस्टेनेबिलिटीचा सगळ्यात मोठा विषय, बाकी सोलर-बिलर नंतर. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये जमिनीचा झोन बदलायचं ३९ ए कलम घातलं, त्यावर किती वाद झालाय ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात आज शिरत नाही. फक्त पद्धत बघा. ऑर्चर्डचा, म्हणजे बागायतीचा, झोन सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायचा, करायचा असेल तर प्रस्ताव जाहीर होणार आणि लोकांना सूचना द्यायला ३० दिवस. जाहीर कुठे, तर राजपत्रात. यादीत गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आधीचा झोन, नंतरचा झोन, इंग्रजीत. आता मला सांगा, आमच्या सत्तरीतला किंवा डिचोलीतला काजूवाला मार्च-एप्रिलमध्ये बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे सोडून दर गुरुवारी राजपत्राची पीडीएफ उघडणार आहे का? नियमाप्रमाणे त्याला विचारलं गेलं, त्याने काही म्हटलं नाही, असंच कागदावर राहणार. साधा उपाय आहे, मोबाइल नंबर आणि गाव नोंदवा, गावाचं नाव नोटिशीत आलं की मराठी-कोकणीत मेसेज. बँक पाच रुपये कापले तर मेसेज पाठवते, मग डोंगर कापताना का नको?

आणि गोव्याला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. २००८ मध्ये प्रादेशिक आराखडा २०२१ चा, म्हणजे २०२१ पर्यंत गोव्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची त्याचा, मसुदा आला तेव्हा गावागावात नकाशे पोचले होते, ग्रामसभांत लोक बोट ठेवून सांगत होते, ही शेती आहे, हे खाजन आहे, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, इथे झर म्हणजे झरा आहे, हे तुम्ही चुकीचं दाखवलंय. तो आराखडा पुढे २०१२ मध्ये स्थगित झाला, त्याचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. पण माझ्या गावाने तेव्हा काय सांगितलं, त्यातलं काय घेतलं, काय का नाही घेतलं, हे आज मला एका पानावर ओळीने वाचायला मिळालं असतं तर नंतरच्या प्रत्येक सरकारला उत्तर द्यायला किती जड गेलं असतं बघा.

तर सध्या आपल्या हातात काय आहे, तर ग्रामसभा. वर्षातून चार, रविवारी. पुढच्या वेळी जाल तेव्हा नवीन ठराव मांडायच्या आधी मागच्या ठरावांची यादी मागा, कुणाकडे पाठवला, कधी, उत्तर आलं का, आणि ती यादी पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा, साइट नसली तरी चालेल. फलकाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि राजपत्र गुरुवारी येतं, प्रत्येक वाड्यावर एक कॉलेजचं पोरगं असतंच, त्याला ते काम लावा. तुमच्या गावाचं नाव दिसलं तर सर्व्हे नंबर मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत तो झोनचा नकाशा कसा वाचायचा ते त्याच नंबरावर दाखवतो.