शटर कुणाच्या शब्दावर खाली येतं?

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावकराला फौज म्हणजे काय ते सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या गावात आहे. खानापूरकडच्या कुठल्याही वाडीत जा, वर्दीतला एखादा फोटो भिंतीवर दिसतोच. म्हणून कुठे लष्करानं अतिरेकी संघटनेवर मोहीम काढली, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: मोहीम फत्ते झाली का?

हाच प्रश्न मी माझ्या मामांना विचारला होता. 1990 च्या मे महिन्यात. मामा श्रीलंकेतल्या आपल्या शांतिसेनेत होते, मार्चमध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या आणि ते सुट्टीवर घरी आले. मी नववीत. मामा अंगणात सूप घेऊन भाताचं बी निवडत बसलेले, धूळवाफेची पेरणी तोंडावर आलेली. मी सरळ विचारलं, "मामा, तुम्ही जिंकलात की नाही?"

सुपातला हात थांबला. म्हणाले, "तुला एका दुकानाचं सांगतो."

श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या जाफना शहरात मामांच्या चौकीसमोर एक दुकान होतं. तांदूळ, रॉकेल, केळी, नारळ. मागे ताडाची झाडं, ताडाच्याच झावळ्यांचं कुंपण. मामांना तमिळ येत नव्हतं, पण कन्नड येत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी "तेंगिनकायी" मागितला. दुकानदार हसला, म्हणाला, "तेंगाय." नारळ हातात आला. आपल्या सीमाभागातल्या पोराला दोन-तीन भाषा येतात ही केवढी मोठी पुंजी आहे, हे मी दर वेळी सांगते आणि आजही सांगते. शाळेत मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी. भाषेवरून भांडण करण्यात आपण ही पुंजी वाया घालवू नये.

असो. दुकानाकडे येते.

शहर आपल्या ताब्यात आलं होतं. चौकाचौकांत आपली चौकी. दुकानं उघडली, सायकली फिरू लागल्या. मामा म्हणाले, आम्हाला वाटलं, झालं काम. मग एका सकाळी ते दुकान बंद. शेजारचं बंद. सगळी ओळ बंद. रात्रीत एक गोळी वाजली नव्हती. फक्त चिठ्ठी फिरली होती, वाघांची, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या लिट्टे या संघटनेची. उद्या दुकानं बंद.

साहेबांनी हुकूम दिला, दुकानं उघडायला लावा. मामा गेले. त्या माणसानं शटर कमरेएवढं वर केलं, अर्धंच. अर्धं शटर म्हणजे काय ते बंदच्या दिवशी बेळगावच्या बाजारात फिरलेल्या माणसाला कळतं. मामा वाकले आणि नारळ मागितला. आतून एक हात आला, नारळ पायरीवर ठेवून आत गेला. मामांनी नारळ घेतला, पैसे पायरीवर ठेवले.

"सांजच्याला गस्तीवर परत गेलो," मामा म्हणाले. "पैसं तितंच हुतं. त्यानं हात लावला न्हवता. आमचं पैसं घेतल्यालं कुणी बगितलं तर जीव जाईल, म्हणून. शहर आमच्या हातात हुतं पोरी, पण ते पैसं त्यानं उचललं न्हाईत."

ते पुन्हा बी निवडू लागले. माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर एवढंच.

श्रोतेहो, आता हिशोब करू. जुलै 1987 मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला. तमिळ गटांची शस्त्रं खाली ठेवून घेणं आणि शांतता राखणं, हे आपल्या सैन्याचं काम. ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली, दोन-तीन आठवड्यांत जाफना शहर घेतलं. नकाशावर विजय. पण लिट्टेची शस्त्रं राहिली, माणसं जंगलात गेली, आणि आपले सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले. शांतिसेना परतली आणि जाफना पुन्हा लिट्टेच्या हाती गेलं. मोहीम ज्या कामासाठी निघाली ते काम झालं नाही. यात जवानाच्या शौर्याला बोट लावायचं काही नाही. जवान शहर घेऊन देतो. शहरातल्या माणसाचा धीर नुसत्या बंदुकीनं घेता येत नाही.

म्हणून मारलेल्यांचा आकडा मला पुरेसा वाटत नाही. टीव्हीवर बाणांचे नकाशे आणि आकडे ओरडून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आकड्यामागे कुणाच्या तरी घरात रडारड असते, ती बातमीत येत नाही. मी विचारते, शटर कुणाच्या शब्दावर खाली येतं? आणि सैन्य निघून गेल्यावर कुणाच्या शब्दावर?

2009 चं तसं नव्हतं. जानेवारीत श्रीलंकेच्या लष्करानं लिट्टेचं मुख्य ठाणं किलिनोच्ची घेतलं, मे महिन्यात लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मारला गेला, लिट्टेची फौज संपली. चिठ्ठी पाठवणारा उरला नाही. या मोजमापानं ती मोहीम यशस्वी, हे मान्य करावंच लागतं. पण शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत सामान्य माणसं मेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं म्हटलं. जवळजवळ तीन लाख लोक छावण्यांत गेले. 2017 पासून किलिनोच्चीत बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन आया रस्त्याकडेला बसल्या. त्या आयांना मोहीम फत्ते झाली असं कुणी सांगावं? मला ते जमणार नाही.

प्रभाकरन गेल्याची बातमी आली तेव्हा मामा आमच्याकडे बेळगावात होते. टीव्हीवर कोलंबोतले झेंडे, फटाके. मामा खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "जाफन्याचा बाजार दावत्यात काय बग."

मी एकेक चॅनेल लावत गेले. जेवणं थांबली होती. कुठल्याच चॅनेलवर बाजार दिसला नाही.